पैलूप्रधान आज्ञावली-लेखन : विद्यमान वर्गात कन्स्ट्रक्टरची भर

संगणकाच्या आज्ञावलीत ठिकठिकाणी विखुरलेली एकाच हेतूची कामे वेगळी काढून एकत्र लिहावयाची व नंतर ती यांत्रिक रीतीने मूळ आज्ञावलीत गुंफावयाची, ह्या पद्धतीस पैलूप्रधान आज्ञावली-लेखन असे म्हणतात. बँकेच्या आज्ञावलीत पैसे भरणे, पैसे काढणे, कर्ज देणे ही कामे निरनिराळ्या भागांत लिहिलेली असतात. पण प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवणे व व्यवहार करणाऱ्याचा अधिकार तपासणे ही कामे सर्वच भागांत पुनःपुन्हा येतात. अशा आडव्या पसरलेल्या कामास पैलू किंवा ॲस्पेक्ट ही संज्ञा आहे. ह्या पद्धतीचे दुसरे, तुलनेने अल्पपरिचित सामर्थ्य असे की, दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेल्या वर्गात त्याच्या मूळ मजकुरास हात न लावता नवे रकाने, नव्या कृती आणि नवे कन्स्ट्रक्टरही घालता येतात. यांपैकी कन्स्ट्रक्टरची भर ही सर्वांत नाजूक असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

वर्ग, वस्तू व कन्स्ट्रक्टर : वस्तुप्रधान आज्ञावली-लेखनात वर्ग हा वस्तूंचा आराखडा असतो. कोरा छापील अर्ज आणि भरलेला अर्ज यांत जे नाते असते, साधारणपणे तेच वर्ग व वस्तू यांत असते. नवी वस्तू निर्माण होताना जो आज्ञासमूह चालतो, त्यास कन्स्ट्रक्टर म्हणतात. त्याची कामे दोन : वस्तूच्या रकान्यांत आरंभीची मूल्ये भरणे आणि पुरविलेली माहिती ग्राह्य आहे की नाही हे पाहून, ती अग्राह्य असल्यास वस्तूची निर्मितीच नाकारणे. कन्स्ट्रक्टर हा अशा रीतीने वर्गाचा दरवाजाही असतो व द्वारपालही. वर्गातील इतर कृती दरवाज्यात तपासणी झालेलीच आहे, असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

जावा भाषेत एका वर्गास अनेक कन्स्ट्रक्टर असू शकतात. मात्र त्यांना पुरवावयाच्या माहितीच्या संख्येत, प्रकारात किंवा क्रमात फरक असावा लागतो. वर्गाच्या लेखकाने एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तर काहीच माहिती न मागणारा एक कन्स्ट्रक्टर कंपायलर स्वतः पुरवितो. लेखकाने एक जरी लिहिला, तरी ही सोय नाहीशी होते. कन्स्ट्रक्टर उपवर्गाकडे वारशाने जात नाहीत.

ऐतिहासिक आढावा : वर्ग व वस्तू यांची कल्पना ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन निगार्ड ह्या नॉर्वेजियन संशोधकांच्या सिम्युला ६७ ह्या भाषेत प्रथम स्पष्टपणे साकार झाली. विचाराच्या वेळी एका प्रश्नाचे निरनिराळे अंग वेगवेगळे ठेवावे, हे तत्त्व डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७४ मध्ये मांडले. वर्गांची विभागणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी काही कामे सर्व वर्गांना छेदून जातात, हा अनुभव पुढे येत गेला. त्यावर अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेगर किझालेस व त्यांचे सहकारी यांनी उपाय शोधला आणि १९९७ मध्ये फिनलंडमधील युव्हॅस्कुला येथे भरलेल्या परिषदेत ‘पैलूप्रधान’ ह्या नावाने तो सादर केला. त्यांनी जावाला जोड म्हणून तयार केलेल्या ॲस्पेक्टजे ह्या भाषेची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये निघाली. २००२ मध्ये तिचे काम एक्लिप्स ह्या मुक्त प्रकल्पाकडे गेले.

भर घालण्याची रीत : ॲस्पेक्टजेमध्ये पैलू हा वर्गासारखाच एक स्वतंत्र घटक असतो. त्यात प्रथम ज्या वर्गात भर घालावयाची त्याचे नाव, मग बिंदू, मग ‘न्यू’ हा शब्द, साध्या कंसात पुरवावयाच्या माहितीची यादी व शेवटी महिरपी कंसांत आज्ञा, असे लिहिले की, त्या वर्गासाठी नवा कन्स्ट्रक्टर जाहीर होतो. विणकर ह्या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी उपआज्ञावली तो मूळ वर्गात गुंफते. मूळ वर्गाचा वाचनीय मजकूर हाती असण्याची गरज नसते. भाषांतर होऊन तयार झालेला बाइटकोड पुरेसा असतो. हे विणकाम भाषांतराच्या वेळी, त्यानंतर किंवा वर्ग संगणकाच्या स्मृतीत भरला जात असताना करता येते. वर्ग एकदा स्मृतीत भरला गेल्यावर मात्र त्यास नवा कन्स्ट्रक्टर जोडता येत नाही. भर इंटरफेसमध्ये घालता येत नाही, कारण इंटरफेसपासून थेट वस्तू निर्माण होत नाही. तसेच ‘प्रायव्हेट’ असे लिहिलेल्या कन्स्ट्रक्टरचा खाजगीपणा त्या पैलूपुरता असतो, मूळ वर्गापुरता नसतो.

उदाहरण : पुणे शहराच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक हा पाठ्यपुस्तकांच्या व इतर ग्रंथांच्या विक्रीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या दुकानात विक्रीची नोंद ठेवणारी एक जुनी आज्ञावली आहे, अशी कल्पना करू. तीत ‘पुस्तक’ नावाचा वर्ग असून त्याचा एकमेव कन्स्ट्रक्टर नाव, किंमत आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक ह्या तीन गोष्टी मागतो. हा क्रमांक १९७० पासूनच्या पद्धतीप्रमाणे दहा स्थानांचा आहे. त्याचे अखेरचे स्थान हे ताळा पाहण्याचे चिन्ह असून ते कधी अंक, तर कधी ‘एक्स’ हे अक्षर असते. त्यामुळे वर्गात हा क्रमांक अक्षरमालेच्या रूपाने घेतला जातो. किंमत ऋण नाही व ताळा जुळतो, एवढे पाहूनच वस्तू निर्माण होते. शिवाय विकलेल्या प्रतींची एक रिकामी यादी प्रत्येक वस्तूत आरंभी ठेवली जाते.

१ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकांचा झाला. आता पुस्तकाच्या मलपृष्ठावरील पट्ट्यांची खूण यंत्राने वाचली की तेरा अंक हाती येतात. पण वर्गाला हवी असतात दहा स्थाने. आज्ञावली ज्यांनी पुरविली त्यांच्याकडून मूळ मजकूर मिळालेला नाही. अशा वेळी पैलूत नवा कन्स्ट्रक्टर लिहिता येतो. तेरा अंकी क्रमांकात अक्षर येत नाही व त्याचा आरंभ शून्याने होत नाही, म्हणून तो मोठ्या पूर्णांकाच्या रूपाने घेता येतो. त्यामुळे जुन्या कन्स्ट्रक्टरहून माहितीचा प्रकार आपोआप वेगळा होतो व दोहोंत संघर्ष राहत नाही. पैलूतील एक साहाय्यक कृती प्रथम तेरा अंकांचा ताळा पाहते, आरंभीचे ९७८ व अखेरचा अंक काढून टाकते आणि उरलेल्या नऊ अंकांवरून जुन्या रीतीचे ताळाचिन्ह नव्याने काढते. ९७८-०-३०६-४०६१५-७ ह्या क्रमांकाचे ०-३०६-४०६१५-२ असे रूपांतर होते. अखेरचा अंक बदलतो तो ह्याच कारणाने. हा दहा स्थानांचा क्रमांक घेऊन नवा कन्स्ट्रक्टर जुन्या कन्स्ट्रक्टरला पाचारण करतो व तेथेच त्याचे काम संपते. क्रमांकाचा आरंभ ९७९ ने होत असेल, तर त्यास दहा स्थानांचे प्रतिरूप नसते. अशा वेळी साहाय्यक कृतीने नकारच दिला पाहिजे.

आरंभमूल्यांचा प्रश्न : वरील उदाहरणात जुन्या कन्स्ट्रक्टरला पाचारण करणे ही केवळ सोय नाही, त्यावरच सर्व रचना उभी आहे. वर्गाच्या मजकुरात रकान्याशेजारी लिहिलेले आरंभमूल्य हे वर्गात कोठेतरी एकदाच साठविले जाते, असा समज असतो. प्रत्यक्षात जावाचा कंपायलर ह्या आज्ञांची एकेक प्रत मूळ वर्गातील कन्स्ट्रक्टरांत घालतो; जो कन्स्ट्रक्टर त्याच वर्गातील दुसऱ्याला पाचारण करतो, त्यास तेवढी ही प्रत लागत नाही. बाहेरून आलेल्या कन्स्ट्रक्टरला अशी प्रत मिळालेली नसते. त्याने जुन्या कन्स्ट्रक्टरला पाचारण केले नाही, तर वस्तू निर्माण होते, पण तिच्यातील रकाने अपुरे राहतात. पुस्तकाच्या उदाहरणात विक्रीची यादी अस्तित्वातच येत नाही. दोष मात्र त्या क्षणी दिसत नाही. पहिली प्रत विकली जाताना आज्ञावली बंद पडते व शोध घेणारा विक्रीच्या भागात चूक शोधत बसतो. ॲस्पेक्टजेचा कंपायलर अशा कन्स्ट्रक्टरविषयी इशारा देतो, पण भाषांतर थांबवीत नाही. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय येथे महागात पडते.

आरंभमूल्यांप्रमाणे तपासणीचेही होते. किंमत ऋण नसावी, हा नियम जुन्या कन्स्ट्रक्टरमध्येच लिहिलेला असल्याने त्यास वगळणारा नवा दरवाजा हा द्वारपाल नसलेला दरवाजा ठरतो. पैलूस सामान्यतः मूळ वर्गाचे खाजगी रकाने दिसत नाहीत. ‘प्रिव्हिलेज्ड’ म्हणजे विशेषाधिकार असलेला पैलू लिहून हे बंधन ओलांडता येते. परंतु कन्स्ट्रक्टरसाठी ह्या अधिकाराची गरज भासणे, हेच बहुधा रचना चुकत असल्याचे लक्षण असते.

मर्यादा : भर घालणे कोठे अयोग्य ठरते, हेही त्याच पेठेतील उदाहरणाने स्पष्ट होईल. १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय बुधवार पेठेत आहे. अशा जुन्या संग्रहांतील, १९७० पूर्वी छापलेल्या ग्रंथांवर हा क्रमांक नसतोच. त्यांची नोंद ‘पुस्तक’ ह्या वर्गात करावयाची, तर क्रमांक न मागणारा कन्स्ट्रक्टर हवा. तो पैलूने घालू म्हटले, तर दोनच वाटा उरतात : जुन्या कन्स्ट्रक्टरला वगळणे किंवा ताळा जुळेल असा खोटा क्रमांक त्याला पुरविणे. पहिल्या वाटेने वस्तू अपुरी राहते. दुसऱ्या वाटेने दोन भिन्न ग्रंथ एकाच क्रमांकाखाली येऊन एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीत मिसळण्याचा धोका असतो. येथे उणीव दरवाज्याची नसून घराच्या आराखड्याची आहे. प्रत्येक पुस्तकास क्रमांक असतो, ही वर्गाची मूळ समजूतच बदलावयास हवी आणि ते काम वर्गाच्या लेखकाने करावयाचे असते.

ह्याखेरीज काही तांत्रिक मर्यादा आहेत. २००५ मधील ॲस्पेक्टजेच्या पाचव्या आवृत्तीत पैलू साध्या जावात खुणा करून लिहिण्याची सोय झाली. मात्र त्या शैलीत कन्स्ट्रक्टरची भर घालता येत नाही. स्प्रिंग ह्या प्रचलित संचातील पैलूपद्धती मूळ वस्तूपुढे एक प्रतिनिधी वस्तू उभी करून कृतींच्या पाचारणात हस्तक्षेप करते. वस्तू निर्माण झाल्यावरच प्रतिनिधीचे काम सुरू होत असल्याने तेथेही ही भर शक्य नसते. वर्गाचा मजकूर वाचणाऱ्यास त्यात नवा कन्स्ट्रक्टर दिसत नाही, ही गैरसोय तर सर्वत्रच राहते.

पर्याय व अन्य भाषा : केवळ नवी वस्तू निराळ्या माहितीवरून हवी असेल, तर रूपांतर करून जुन्या कन्स्ट्रक्टरला पाचारण करणारी एक स्वतंत्र कृती लिहिणे हा सर्वांत साधा पर्याय होय. उपवर्ग करणे हा दुसरा. पण ‘फायनल’ वर्गाचा उपवर्ग करता येत नाही. नवा कन्स्ट्रक्टर खरोखर वर्गातच हवा असतो, तो बहुधा दुसऱ्या एखाद्या संचाची तशी अट असल्यामुळे. उदा., कोठ्यातील नोंदींवरून वस्तू उभ्या करणारा हायबरनेट हा संच माहिती न मागणारा कन्स्ट्रक्टर वर्गात असावा, अशी अपेक्षा ठेवतो. ॲपल कंपनीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्विफ्ट ह्या भाषेत अशी भर भाषेतच अंतर्भूत असून तीत वर्गावर बाहेरून घातलेल्या आरंभकाने मूळ आरंभकाकडे गेलेच पाहिजे, असा सक्तीचा नियम आहे. ॲस्पेक्टजेमध्ये जो इशारा आहे, तोच येथे कायदा झाला आहे.

महाराष्ट्रातील कार्य : टाटा उद्योगसमूहाने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रातील विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी ह्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. तयार आज्ञावलीत पैलू गुंफण्याऐवजी तिच्या प्रतिमानातच पैलू वेगळे ठेवावेत व त्यांवरून आज्ञावली यंत्राने निर्माण करावी, ह्या दिशेचे त्यांचे विवेचन २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा रीतीत बदल मूळ आराखड्यातच होत असल्याने बाहेरून भर घालण्याची गरज कमी होते.

दुसऱ्याच्या वर्गात कन्स्ट्रक्टर घालणे म्हणजे परक्याच्या घरास दार पाडणे होय. ते दार जुन्या देवडीतच उघडत असेल, तर घरास बाध येत नाही. देवडी चुकवून ते थेट माजघरात उघडत असेल, तर घर उघडे पडते. भर योग्य की अयोग्य, हे पारखण्याची कसोटी एवढीच आहे.