जादा बॅटरीची पारख

मुंज, विवाह, सहस्रचंद्रदर्शन यांसारखे प्रसंग घरांत वारंवार येत नाहींत, आणि त्यांतील कित्येक क्षण तर पुन्हां मागून मिळत नाहींत. मातृभोजनाच्या वेळीं आईनें बटूला भरविलेला घांस किंवा अंतरपाट दूर होण्याची घटका, 'जरा थांबा, बॅटरी संपली' असें म्हटल्यानें थांबत नाहीं. हल्लीं बहुतेक छायाचित्रें फोनवर निघतात हें खरें. तरी ज्या घरांत हौसेनें डिजिटल कॅमेरा बाळगला आहे, तेथें एक जादा बॅटरी असावी याविषयीं दुमत होणार नाहीं. प्रश्न पडतो तो कोणती घ्यावी याचा. कारण मूळ कंपनीच्या एका बॅटरीच्या किंमतींत बाजारांत इतरांच्या दोन-तीन बॅटऱ्या सहज मिळतात, आणि काटकसरी गृहस्थाचें मन तिकडे ओढ घेतें.

ही ओढ सर्वस्वीं चुकीची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र दोन प्रकारांतील भेद प्रथम ध्यानांत घ्यावा. कांहीं कारखानदार आपल्या स्वतःच्या नांवानें दुसऱ्याच्या कॅमेऱ्यास बसेल अशी बॅटरी विकतात. हा उघड व्यवहार झाला. दुसरे कांहीं मूळ कंपनीचेंच नांव आपल्या मालावर छापून तो 'अस्सल' म्हणून खपवितात. ही निव्वळ फसवणूक होय. पहिल्यांत चांगलें-वाईट दोन्ही सांपडतें, म्हणून पारख हवी. दुसऱ्याच्या वाटेस जाऊंच नये. जो आपलें नांव सांगावयास भितो, तो आंतल्या मालाविषयीं खरें सांगेल ही आशा व्यर्थ आहे.

आतां पारखीकडे वळूं. बॅटरीवर 'एमएएच' म्हणून जो आंकडा असतो, तो मिलिॲम्पिअर-तासांचा, म्हणजे तिची सांठवण दाखविणारा होय. आंकडा मोठा तितकी बॅटरी चांगली असें समजून पुष्कळजण फसतात. कॅनॉन कंपनीच्या एकाच आकाराच्या बॅटऱ्यांचें उदाहरण घ्या. २००८ सालच्या एलपी-ई६ या बॅटरीची सांठवण १८०० होती; २०१४ सालच्या एलपी-ई६एन हिची १८६५, आणि २०२० सालच्या एलपी-ई६एनएच हिची २१३०. एवढ्या थोर कंपनीसही त्याच आकाराच्या डबींत ३३० ची भर घालण्यास १२ वर्षें लागलीं. मग कोणी निम्म्याहून कमी किंमतींत त्याच डबींत ३००० भरल्याचें सांगूं लागला, तर तो आंकडा गुण न मानतां संशयाचें कारण मानावा. मूळ बॅटरीच्या जवळपासचा आंकडा सांगणारा विक्रेताच अधिक विश्वासार्ह.

आंकड्यांची आणखी एक परीक्षा घरबसल्या करतां येते. मिलिॲम्पिअर-तासांस व्होल्टनें गुणून १००० नें भागिलें म्हणजे वॉट-तास निघतात. सोनीच्या एनपी-एफझेड१०० या बॅटरीचे २२८० व ७.२ हे आंकडे गुणून भागिले असतां १६.४ येतात, आणि तेच तिच्यावर छापलेले असतात. ज्या बॅटरीवरील तीन आंकडे एकमेकांशीं जुळत नाहींत, तिच्या कर्त्यानें निदान हिशेब तरी केलेला नाहीं असें खुशाल समजावें.

परंतु सांठवणीपेक्षांही महत्त्वाची गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं. ७.२ व्होल्टच्या बॅटरींत दोन लिथियम-आयन घट एकापुढें एक जोडलेले असतात. असा घट सामान्यतः ४.२ व्होल्टपलीकडे भरूं नये, फार रिकामा होऊं देऊं नये व तापूं देऊं नये. नाहींतर तो फुगतो, आणि प्रसंगीं पेटतो. हें सांभाळण्यासाठीं आंत एक लहानसें रक्षक मंडल असतें. स्वस्ताईसाठीं काटछांट झाली तर ती बहुधा येथेंच व्हावयाची. मुलाबाळांच्या घरांत रात्रभर बॅटरी भरत ठेवणाऱ्यानें ही गोष्ट विसरूं नये. म्हणून बनविणाऱ्याचें नांव व पत्ता, निर्मितीची तारीख, आणि भारतांत सक्तीच्या असलेल्या आयएस १६०४६ या मानकाची नोंदणी-खूण व 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक पाहूनच पैसे मोजावे.

कॅमेऱ्याशीं जमतें कीं नाहीं हाही एक प्रश्न आहे. पुष्कळ बॅटऱ्यांत एक सूक्ष्म चकती असते व ती कॅमेऱ्याशीं संवाद करते. परक्या बॅटरीशीं तो संवाद जुळला नाहीं, तर उरलेल्या विजेचें प्रमाण दिसत नाहीं. कॅमेऱ्यांतच यूएसबीनें भरण्याची सोय चालत नाहीं. क्वचित् मूळ चार्जरही तिला स्वीकारीत नाहीं. शिवाय अशा बॅटरीनें कॅमेऱ्यास हानि झाल्यास मूळ कंपनीची हमी बहुधा लागू पडत नाहीं.

विकत घेतलेली बॅटरी कार्यापूर्वीं निदान पंधरा दिवस घरीं आणावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातीं राहते. ती कप्प्यांत सहज जावी व सहज निघावी. अडकत असल्यास जोर करूं नये. ती पूर्ण भरून कॅमेरा चलच्चित्र घेण्यास लावावा, मध्येंच थांबल्यास पुन्हां सुरू करावा, आणि एकंदर किती मिनिटें चालली तें लिहून ठेवावें. मग मूळ बॅटरीचीही तशीच परीक्षा घ्यावी. मात्र मूळ बॅटरी जुनी असेल तर तिची शक्ति वयानें घटलेली असते, हें तुलना करतांना लक्षांत ठेवावें. असें तीनदां करून पाहावें. जी बॅटरी निम्मी वीज दाखवीत असतां एकाएकीं बंद पडते, हातास चटका बसेल इतकी तापते किंवा जराही फुगते, ती निःसंकोचपणें परत करावी.

परीक्षेस उतरलेल्या बॅटरीचाही उपयोग बेतानें करावा. सकाळची तयारी, पाहुण्यांची ये-जा, पंगती यांचीं छायाचित्रें तिच्यावर काढावींत, आणि मुख्य संस्काराच्या वेळीं भरलेली मूळ बॅटरी कॅमेऱ्यांत असावी. कार्य आटोपल्यावर दोन्ही बॅटऱ्या सुमारें निम्म्या भरून थंड व कोरड्या जागीं ठेवाव्या. विमानप्रवासांत जादा बॅटरी टोंकें झांकून हातांतील सामानांत घ्यावी. पोटांत जाणाऱ्या सामानांत ती ठेवण्यास मनाई आहे. निकामी झालेली बॅटरी केरांत न टाकतां संकलन-केंद्रावर द्यावी. भारतांत २०२२ सालच्या नियमांनीं तें ग्राहकाचें कर्तव्यच ठरविलें आहे.

काटकसर हा आमच्या घरांचा जुना गुण आहे, आणि तो सोडावा असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. मात्र वाचविलेल्या पैशांच्या मोबदल्यांत आपण काय पणास लावीत आहों, हें आधीं पाहावें. थोडे आंकडे ताडून आणि चार संध्याकाळ परीक्षेस देऊन घेतलेली परकी बॅटरी बहुधा चांगली सेवा देते; न पाहतां घेतलेली मात्र किती महाग पडेल, हें कार्याच्या दिवशींच कळतें.