विश्लेषण : कंपनीत संचालक होता येत नाही, पण आमदार होता येते! उमेदवारांच्या व्यवसाय नोंदणीबाबत कायदा काय सांगतो?

निवडणूक आली की उमेदवारांची शपथपत्रे व्हायरल होतात. कोणाकडे किती सोने, किती गाड्या, किती गुन्हे याच्या बातम्या होतात. पण त्याच शपथपत्रातल्या ‘व्यवसाय’ या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तिथे बहुतेकदा ‘शेती व व्यापार’ किंवा ‘बांधकाम व्यवसाय’ असे दोन-तीन शब्द असतात. तो व्यवसाय रीतसर नोंदलेला आहे का, त्याची वार्षिक विवरणपत्रे भरली जातात का, हे त्यातून कळत नाही. आणि ती भरलेली नसली, तरी उमेदवारी रद्द होत नाही. असे का? समजून घेऊया.

व्यवसाय करणाऱ्याने किमान काय करायचे असते?

वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने ते सलग सहा महिने भरले नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. दुकान किंवा कार्यालय असेल तर ‘गुमास्ता’ आलाच. बिल्डर असेल आणि भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा व सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरातही करता येत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र असे दोन फॉर्म दरवर्षी कंपनी निबंधकांकडे द्यावे लागतात. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये जादा शुल्क. दोन्ही फॉर्म वर्षभर रखडले तर हिशेब ७३ हजार रुपयांवर जातो. कंपनीने वर्षभरात एक रुपयाचा धंदा केलेला नसला तरी!

संचालक ‘अपात्र’ ठरतो म्हणजे काय?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६४(२) नुसार, एखाद्या कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे ही कागदपत्रे दिली नाहीत, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. त्या काळात त्यांना दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे संचालक होता येत नाही.

हे कलम फक्त कागदावर नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने बंद पडलेल्या आणि कागदोपत्रीच उरलेल्या कंपन्यांविरोधात मोहीम काढली. सुमारे २.२६ लाख कंपन्यांची नावे निबंधकांच्या नोंदवहीतून काढली गेली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. त्या यादीत अण्णा द्रमुकच्या तत्कालीन नेत्या व्ही. के. शशिकला आणि केरळचे माजी मुख्यमंत्री ओमन चंडी अशी राजकीय नावेही असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पुढे अनेक संचालक उच्च न्यायालयांत गेले आणि काहींना दिलासाही मिळाला.

अशी व्यक्ती निवडणूक लढवू शकते?

हो. आमदार-खासदारांची अपात्रता राज्यघटनेचे अनुच्छेद १०२ आणि १९१ तसेच लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ यांवरून ठरते. ठरावीक गुन्ह्यांतील शिक्षा, लाभाचे पद, दिवाळखोरी, सरकारशी चालू असलेले कंत्राट ही कारणे त्यात आहेत. कंपनीची विवरणपत्रे न भरणे, जीएसटी नोंदणी रद्द होणे किंवा गुमास्ता नसणे ही कारणे त्यात नाहीत. म्हणजे ज्या व्यक्तीला कायदा चार माणसांच्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसू देत नाही, तीच व्यक्ती कंपन्यांसाठी कायदे करणाऱ्या सभागृहात बसू शकते.

गंमत म्हणजे निवडणुकीच्या खर्चाबाबत हाच कायदा कडक आहे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर कलम १०(अ) नुसार निवडणूक आयोग त्या उमेदवाराला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

महापालिकेचे नियम वेगळे आहेत का?

काही बाबतीत आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार, विशेष नोटीस मिळूनही तीन महिन्यांत पालिकेची थकबाकी न भरणारा नगरसेवकपदासाठी अपात्र ठरतो. स्वतः, पती-पत्नी किंवा अवलंबितांनी बेकायदा बांधकाम केले असेल तरीही पद जाऊ शकते. म्हणजे नियम पाळण्याची अट नगरसेवकाला काही प्रमाणात तरी आहे. आमदाराला ती नाही.

शपथपत्रात व्यवसायाबद्दल काय सांगावे लागते?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर संपत्ती, गुन्हे आणि शिक्षणाची माहिती देणे सक्तीचे झाले. आजच्या नमुना २६ मध्ये स्वतःचा आणि पती-पत्नीचा व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत, प्राप्तिकर विवरणपत्रातले पाच वर्षांचे उत्पन्न, शेअर्स आणि भागीदारीतली गुंतवणूक, कर्जे, सरकारी देणी आणि सरकारी कंत्राटे यांचा तपशील द्यावा लागतो. उमेदवाराचा हिस्सा असलेल्या भागीदारी संस्थांची आणि खासगी कंपन्यांची कंत्राटेही त्यात येतात.

पण उमेदवार कोणत्या कंपन्यांत संचालक आहे, त्याचा संचालक ओळख क्रमांक काय, तो अपात्र ठरलेला आहे का, व्यवसायाचा जीएसटी क्रमांक चालू आहे का, यासाठी रकाना नाही. विचारलेच नाही, त्यामुळे सांगितले नाही म्हणून कारवाईही नाही.

माहिती दडवली तर काय होते?

ठाणे जिल्ह्यातला खटला यासाठी पाहायला हवा. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत अंबरनाथमधून किसन कथोरे निवडून आले. पत्नीच्या नावचा बंगला व वाहन, ते भागीदार असलेल्या संस्थेची मालमत्ता आणि विजेची थकबाकी शपथपत्रात दाखवली नाही, असा आक्षेप घेत निवडणूक याचिका दाखल झाली. मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली आणि ९ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

या निकालातला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. विजेच्या थकबाकीवर वाद चालू असल्याने ती न दाखवणे ही फार गंभीर चूक मानता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. बंगला, वाहन आणि भागीदारी संस्थेची मालमत्ता मात्र दाखवायलाच हवी होती. निवडणूक अधिकाऱ्याने छाननीत अर्ज स्वीकारला, तरी माहिती खोटी असल्याचे पुढे सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते, हेही या निकालाने स्पष्ट केले.

पण निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली होती. ती विधानसभा २००९ मध्येच संपली होती आणि कथोरे तोवर मुरबाडमधून पुन्हा आमदार झाले होते.

पुढे एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील आमदार कारिखो क्री यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजू मांडली. उमेदवाराने प्रत्येक छोटी वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, दडवलेली बाब मतदाराच्या निर्णयावर परिणाम करण्याइतकी ठळक असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

मग छाननीत अधिकारी काय तपासतात?

रकाने भरले आहेत की नाही, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार, सूचना देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळता येतो. पण लिहिलेले खरे की खोटे, याची चौकशी छाननीच्या टेबलावर होत नाही. खोट्या किंवा दडवलेल्या माहितीसाठी कलम १२५(अ) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणूक रद्द करून घ्यायची असेल, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. ती मतदारालाही करता येते.

नोंदणीतली चूक म्हणजे घोटाळा का?

नाही. अनेक कंपन्या हौसेने काढल्या जातात आणि चालत नाहीत. त्या रीतसर बंद करायलाही अर्ज आणि दहा हजार रुपये शुल्क लागते, म्हणून लोक त्या तशाच सोडून देतात. शिवाय अशा चुकीवरून थेट उमेदवारी रद्द होऊ लागली, तर सत्ताधारी पक्ष विरोधकांच्या जुन्या फायली उघडत बसतील, ही भीतीही खोटी नाही.

म्हणूनच बंदीपेक्षा खुलासा हा मधला मार्ग दिसतो. संचालक ओळख क्रमांक, कंपनीची सद्यस्थिती आणि जीएसटी क्रमांक असे तीन रकाने नमुना २६ मध्ये वाढवले, तरी बरेच काम होईल. ही माहिती सरकारकडे आधीच आहे. फक्त ती वेगवेगळ्या पोर्टलवर पडून आहे.

मतदार स्वतः तपासू शकतो का?

हो, मोबाइलवरच.

• निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा ‘नो युअर कँडिडेट’ अ‍ॅपवर शपथपत्र उघडा. गुंतवणुकीच्या आणि कंत्राटांच्या रकान्यांतली कंपन्यांची नावे टिपून घ्या.

• कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ते नाव शोधा. कंपनी ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे की ‘स्ट्राइक ऑफ’, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, हे तिथे दिसते.

• जीएसटी क्रमांक बिलावर आणि दुकानाच्या पाटीवर असायलाच हवा. तो जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ते कळते.

• बिल्डर असेल तर प्रकल्पाचे नाव महारेराच्या संकेतस्थळावर पाहा.

एक काळजी मात्र घ्या. सारख्या नावाच्या कंपन्या आणि माणसे खूप असतात. पत्ता आणि इतर तपशील जुळल्याशिवाय स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. तपशील जुळला, तर प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला थेट विचारा, ‘तुमच्या कंपनीचा शेवटचा ताळेबंद कधी भरला?’ हे विचारायला कोणताही कायदा आड येत नाही.