वर्षारण्याची पाऊलवाट : मोले उद्यानातील अभ्यास-सहल

पणजीच्या नळांना पाणी कोठून येते, असे शाळेत विचारल्यास 'ओपा येथील केंद्रातून' असे उत्तर बहुधा मिळते. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. ओपा येथे पाणी येते ते खांडेपार नदीचे. या नदीस मिळणारे अनेक ओहोळ सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील अरण्यातून वाहत येतात. दूधसागर धबधब्याचे पाणीही पुढे याच नदीत जाते. तिसवाडी व फोंडा तालुक्यांची तहान भागविणारे हे पाणी अरण्य कसे धरून ठेवते, हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवावयाचे असेल तर मोले येथील राष्ट्रीय उद्यानातील पदभ्रमणासारखे दुसरे साधन नाही.

उद्यानाची ओळख

पणजी-बेळगाव मार्गावर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, धारबांदोडा तालुक्यात हे वनक्षेत्र आहे. १९६९ साली येथे अभयारण्य घोषित झाले व १९७८ साली त्याच्या गाभ्यातील सुमारे १०७ चौरस किलोमीटर क्षेत्रास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोहोंचे एकत्रित क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर आहे.

हे सर्वच क्षेत्र वर्षारण्य नव्हे. कोरड्या उतारांवर माटी, किंदळ, नाणो, जांभा अशा वृक्षांचे पानझडी वन आहे. हे वृक्ष उन्हाळ्यात पाने गाळून ओलाव्याची बचत करतात. ओहोळांच्या काठी व घाटाच्या दमट घळींतून बाराही महिने ओल टिकते. तेथे सदाहरित व निमसदाहरित वृक्ष वाढतात. वाटेने चालताना ऊन कोठे कमी झाले आणि हवा कोठे गार वाटू लागली, एवढे टिपून ठेवले तरी विद्यार्थ्यांस हा फरक उमगतो.

काय पाहावे

सदाहरित वन मजल्या-मजल्यांचे असते. सर्वांत वर उंच वृक्षांचे शेंडे, त्याखाली मध्यम वृक्ष, मग झुडपे आणि तळाशी नेचे व रोपे. दाट वनात जमिनीपर्यंत पोचणारा प्रकाश शंभरातील एकदोन भागांइतकाच असतो. म्हणून गारंबीसारखे अजस्र वेल झाडांच्या आधाराने उजेडाकडे चढतात आणि ऑर्किडे उंच फांद्यांवर बसतात. ऑर्किड झाडाचा रस शोषीत नाही. झाडापासून ते केवळ जागा घेते, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. अनेक पानांची टोके लांब व निमुळती असतात, त्यामुळे पावसाचे पाणी चटकन निथळून जाते. काही वृक्षांच्या बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे पसरलेली दिसतात.

धनेश पक्ष्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःस कोंडून घेऊन अंडी उबविते; नर फटीतून तिला फळे भरवितो. खाल्लेल्या फळांच्या बिया हे पक्षी दूरवर टाकतात व त्यांतून नवी झाडे उगवतात. जुना पोकळ वृक्ष निरुपयोगी समजून तोडला, तर धनेशाचे घर जाते आणि अरण्याचा पेरणी करणाराही जातो.

पाणी मुरते कसे

गोव्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अरण्यात पावसाचा थेंब आधी शेंड्यांवर, मग फांद्यांवर व शेवटी पालापाचोळ्यावर पडतो. त्याचा जोर मोडतो, आणि मुळांनी व गांडुळांनी पोखरलेल्या मातीत तो सावकाश मुरतो. हेच पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. उघड्या डोंगरावर मात ते माती घेऊन धावते. नदी श्रावणात गढूळ होते आणि चैत्रात रोडावते.

अरण्याची माती फार सुपीक असते, हा समज चुकीचा आहे. अतिवृष्टीने मातीतील क्षार धुपून जातात. सुपीकता साठलेली असते ती वृक्षांत व पाचोळ्यात. बुरशी व वाळवी पाचोळा कुजवितात आणि वरवर पसरलेली मुळे ते सत्त्व लगेच शोषून घेतात. डोंगरउतारावर कुमेरी शेती करणाऱ्यांस दोनतीन वर्षांनी जागा बदलावी लागे, त्याचे कारण हेच. अरण्य तोडल्याने जमीन मिळते, परंतु तिचा कस फार काळ टिकत नाही.

शाळेत परतल्यावर मातीने भरलेली दोन ताटे तिरपी ठेवावीत. एकावर पाचोळा पसरावा, दुसरे उघडे ठेवावे आणि दोहोंवर झारीने सारखेच पाणी घालावे. वाहून आलेले पाणी बाटल्यांत धरले की फरक मुलेच सांगतात.

सहलीची तयारी

वन खात्याची परवानगी आधी घ्यावी व वनरक्षकाच्या सोबतीनेच जावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. तुकड्या लहान असाव्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये येथील वनस्पती व प्राण्यांस संरक्षण आहे. पान, फूल वा पीसही उचलू नये.

पायांत बूट व अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. जळू चिकटल्यास घाबरू नये. नखाने अलगद सरकवून ती काढावी. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम थोडा वेळ वाहते. मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता वनरक्षकास कळवावे. गोचिडीमार्फत पसरणारा माकडताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळला व २०१५ साली सत्तरी तालुक्यातही त्याचे रुग्ण आढळले.

सहलीनंतर प्रत्येक शाळेने आपल्या गावच्या झऱ्याची किंवा विहिरीची नोंदवही ठेवावी. पाणी कोणत्या महिन्यात किती खाली गेले, झरा केव्हा आटला, हे दरवर्षी लिहावे. दहा वर्षांनंतर ही वही ग्रामपंचायतीसही उपयोगी पडेल. गावामागील डोंगरावरील झाडी राखावयाची की नाही, याचा निर्णय करताना तिच्यातील आकडे समोर असतील.