उचल, उपदेश आणि सहयोगिनी

गरिबाला पैसा पुरत नाही, कारण तो त्याला वापरता येत नाही, ही समजूत महाराष्ट्रात किमान दीडशे वर्षे सुखाने नांदते आहे. पूर्वी ती कलेक्टर कचेरीतल्या टिपणांत असे, आता ती आर्थिक साक्षरतेच्या शिबिरात फ्लेक्सवर असते. आईबापांना हिशेब लिहायला शिकवा, गरज आणि हौस यांतला फरक समजावा, की घर आपोआप मार्गी लागेल, असा तिचा मथितार्थ. या समजुतीचा पहिला भक्कम प्रतिवाद कुणा क्रांतिकारकाने केलेला नाही. तो इंग्रज सरकारनेच नेमलेल्या एका आयोगाच्या अहवालात आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खातेपुस्तके आणि कर्जरोखे काढून जाळले, दंगे नगर जिल्ह्यातही पसरले आणि चौकशीसाठी आयोग बसला. ज्या नाशिकबद्दल पुढे बोलायचे आहे, त्याला या दंग्यांची झळ फारशी लागली नाही. पुढे 1879 साली झालेला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. पण नाशिकमधल्या सिन्नरची शीव नगरला लागून आहे, आणि आयोगाने जे लिहिले ते शीव पाहून थांबणारे नाही.

आयोगापुढे साक्ष देणाऱ्या आणि त्याआधी शेरे मारणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांचे मत ठाम होते: कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने आकडे मांडून पाहिले. सरकारी जमीन कसणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कर्जात होते, त्यांचे कर्ज सरासरी साऱ्याच्या अठरा पट होते आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते. मग लग्नाचा खर्च तपासला. तो ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे आयोगाने मान्य केले, पण असे प्रसंग क्वचित येतात, कर्जाचे मूळ सहसा त्यात नसते आणि अधिकाऱ्यांनी या एका कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व देऊन बाकीच्या कारणांकडे डोळेझाक केली, असा त्याचा निष्कर्ष होता. बाकीची कारणे म्हणजे लहरी पाऊस, पीक बुडाले तरी न हलणारा सारा, आणि बी, बैल, पोटाला दाणे यांसाठी पुन्हा पुन्हा काढावी लागणारी छोटी छोटी रक्कम. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतिराव फुल्यांनीही उधळपट्टीचा हा आरोप खोडून काढला, आणि अर्थातच आयोगापेक्षा कितीतरी झणझणीत भाषेत. एका बाजूला साहेबांचा आयोग आणि दुसऱ्या बाजूला जोतिराव, असे दोघेही जिथे एकमताने बोलतात, तिथे आजच्या प्रशिक्षणवाल्यांनी निदान थबकायला हवे होते.

मधला इतिहास वाचकांना ठाऊक आहे. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम आले, 1992 मध्ये नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला, 2011 पासून 'उमेद' अभियान गावोगाव पोचले. (जाता जाता: 1947 साली अमरावती जिल्ह्यात बायकांनी पंचवीस पैसे जमवून पहिला बचत गट काढला, असे वाक्य या विषयावरच्या लेखनात एकमेकांचे पाहून उतरवले जाते. 1947 मध्ये रुपयाचे चौसष्ट पैसे होते, शंभराचा हिशेब 1 एप्रिल 1957 पासूनचा. त्या बायकांनी चार आणे जमवले असतील. पंचवीस पैसे नंतरच्या कुणाच्या तरी लेखणीतले.) या साऱ्या घडामोडीत एक माणूस मात्र कायम तळटीपेत राहिला. माविममध्ये तिला सहयोगिनी म्हणतात, उमेदमध्ये समुदाय संसाधन व्यक्ती, गावात नुसतेच 'सीआरपी ताई'. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख लेखे ही पंचसूत्री गटाच्या अंगवळणी पाडायची, बँकेत सोबत जायचे, घरातले भांडण ऐकून घ्यायचे, मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकला म्हणून सासूशी वाद घालायचा. परदेशात ज्यासाठी कुटुंबाचा मार्गदर्शक म्हणून पदवी आणि पगार मिळतो, ते काम इथे ती करते. ती बहुधा त्याच गावची, त्याच गटातली आणि तितकीच अडलेली असते.

आता नाशिक जिल्ह्याकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख भरली आणि त्यातला चौथा हिस्सा अनुसूचित जमातींचा होता. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडच्या तालुक्यांत भात, नागली, वरई निघाली की घरात काम उरत नाही. टोळ्या दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग, विरळणी, काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पुष्कळसे काम उक्ते. काही घरे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. या घरांची आमदनी महिन्याच्या पगारासारखी येत नाही, हंगामात येते, आणि तिचा मोठा भाग पावसाळ्यातल्या उचलीने आधीच खाल्लेला असतो. अशा घराला मासिक अंदाजपत्रक शिकवणे म्हणजे ज्याचे कॅलेंडर त्याचे नाही त्याला तारखा पाठ करायला लावणे. गावातली बैठक ज्या महिन्यांत भरते, त्यांतले निम्मे महिने आईबाप बागेत असतात आणि पोरे एक तर आश्रमशाळेत, नाही तर त्यांच्या मागे. 2013 साली तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात आला. तोच शेतकरी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, कोड्यांमध्ये मागे पडतो आणि पैसे हाती आल्यावर तीच कोडी अधिक चांगली सोडवतो, असे त्यात दिसले. त्याच्या आकडेमोडीवर वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण तंगीच्या महिन्यात माणसाला शिकवायला जाऊ नये, हे कळायला कोड्यांची तरी गरज कशाला?

नुसत्या शिकवणीचे फळ किती, हे मोजले गेले आहे. 2014 साली तीन अभ्यासकांनी आर्थिक साक्षरतेवरच्या दोनशेएक अभ्यासांची छाननी केली. लोकांच्या प्रत्यक्ष आर्थिक वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 0.1 टक्का भाग शिकवणीने उलगडला, आणि कमी उत्पन्नाच्या गटांत त्याहूनही कमी. यावर हरकत येते, आणि ती रास्त आहे: 2022 मध्ये 76 यादृच्छिक प्रयोगांची छाननी झाली तेव्हा परिणाम याहून बरा दिसला. बरा दिसला हे खरेच. पण ज्ञान वाढणे वेगळे आणि वागणे बदलणे वेगळे, आणि वागण्यातला बदल तिथेही माफकच होता. शिवाय 2014 च्या अभ्यासकांनीच एक वाट सुचवली होती: निर्णयाच्या तोंडावर, त्या एका निर्णयापुरते शिकवा. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात तो निर्णय कोणता, तर उचल घ्यायची की नाही, कुणाकडून, किती आणि कोणत्या दराने फेडायची. त्या आठवड्यात घरी जाणारी ताई वर्षभराच्या शिबिरांना भारी पडेल.

मग सोबतीने घरे सावरतात का? 2002 साली बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने अतिगरीब बायकांसाठी वेगळा प्रयोग मांडला. आधी शेळ्या-गाईंसारखे साधन हातात, काही आठवडे खाण्यापुरती रोख, बचतीची सोय, आणि दीड-दोन वर्षे नेमाने घरी येणारा कार्यकर्ता. हा प्रयोग पुढे सहा देशांत तपासला गेला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आणि सहापैकी बहुतेक ठिकाणी घरे खरोखर सावरली. (होंडुरासमध्ये नाहीत, तिथे दिलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. यावरून शिकवणीला महत्त्व द्यायचे की कोंबडीला, हे ज्याने त्याने ठरवावे.) पश्चिम बंगालमध्ये 'बंधन' संस्थेने मुर्शिदाबाद जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाचा मागोवा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि गरिमा शर्मा यांनी दहा वर्षांनी घेतला. फायदा टिकून होता. पण टिकला कशामुळे? त्या घरांतली माणसे बऱ्या मजुरीच्या कामांकडे, विशेषतः बाहेरगावी, अधिक आत्मविश्वासाने जाऊ शकली. साधनाने त्यांना गावात बांधून ठेवले नाही, बाहेर पडायला पाठबळ दिले.

याच्या शेजारी मेडक ठेवून पाहावे. तेव्हाच्या आंध्रातल्या या जिल्ह्यात 'एसकेएस' संस्थेने जवळपास हाच कार्यक्रम राबवला आणि जोनाथन मोर्डुक, शमिका रवी व जोनाथन बाउशे यांनी तो तपासला. निव्वळ परिणाम शून्य. जनावरांपासूनची मिळकत वाढली आणि तेवढीच मजुरी घटली, कारण त्या भागात मजुरीला मागणी होती आणि जनावर राखायचे तर मजुरीवर पाणी सोडावे लागत होते. पुष्कळांनी जनावरे विकून कर्ज फेडले. मला या दोन निष्कर्षांत विसंगती दिसत नाही. मुर्शिदाबाद आणि मेडक एकच सांगतात: घराचे भवितव्य मजुरीच्या बाजारात ठरते, मार्गदर्शनाने तो बाजार विसरून चालत नाही. नाशिक या बाबतीत मेडकच्या जवळचे आहे. शेजारच्या तालुक्यात द्राक्षांची मजुरी असताना पेठच्या बाईला चार शेळ्या देऊन 'स्वावलंबी' म्हणणे हा कागदावरचा विजय. तिला हवी आहे उक्त्या कामाचा दर ठरवताना टोळीच्या बाजूने बसणारी कुणी तरी, मुकादमाच्या वहीतला हिशेब वाचणारी, हंगामभर मुलाची शाळा चुकू नये म्हणून मुख्याध्यापकाशी बोलणारी, आणि पावसाळ्यात उचलीऐवजी गटातून कर्ज मिळवून देणारी.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, आता सरकारची 'लाडकी बहीण' योजना आहे. जुलै 2024 पासून महिन्याला 1,500 रुपये थेट खात्यात येतात, मग मधली ताई कशाला? रोख रक्कम बाईच्या नावे मिळणे हे माझ्या मते चांगलेच आहे, त्यावर नाके मुरडणाऱ्यांत लग्नखर्चवाल्या साहेबांचा आत्मा अजून वावरतो. पण 1,500 रुपयांनी वीटभट्टीची उचल फिटत नाही आणि उक्त्याचा दर वाढत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार: ही सगळी कामे आयांच्या डोक्यावर, बाप कुठे आहे? या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही, कारण तो खरा आहे. बचत बाईची, कर्ज बाईच्या नावावर, बैठक बाईची, आणि उचल बहुधा नवरा घेतो. दोघांशी एकत्र न बोलणारा कार्यक्रम कुटुंबाच्या स्थैर्याचा नसतो, तो बाईच्या जबाबदारीचा असतो.

आणि गटांनी जपलेला पैसाही सुरक्षित हवा. नोटाबंदीनंतर 14 नोव्हेंबर 2016 पासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँकेचा गाडा त्या काळात घसरला तो घसरलाच, पुढे तिच्यावर प्रशासक बसला. नियमित बचत करा, बँकेत ठेवा, ही शिकवण बायकांनी पाळली होती. चूक त्यांच्या हिशेबात नव्हती.

राहता राहिली सहयोगिनी. दुसऱ्याच्या घराला आर्थिक शिस्त लावणाऱ्या उमेदच्या समुदाय संसाधन व्यक्तीचे मानधन सरकारने महिन्याला 3,000 रुपयांवरून 6,000 केले, आणि तेही आंदोलनांनंतर. तिला कायम करा, तिच्या कामाचा हंगाम द्राक्षांच्या हंगामाशी जुळवा, तिला गावासोबत दिंडोरी-निफाडच्या बागांपर्यंत जाण्याचा भत्ता द्या. हे होत नाही तोवर शिबिरांचे फ्लेक्स छापण्याचा खर्च वाचवावा. लग्नखर्चवाल्या साहेबांच्या भाषेत बोलायचे, तर उधळपट्टी तिथे आहे.