लाइन जोडण्यापूर्वी करारनामा वाचा

व्यापार वाढला की टेलिफोनचा व्यापही वाढतो. पेढीवर एक फोन, गोदामात एक, कारखान्यात एक, असे करता करता एक दिवस ईपीएबीएक्स, म्हणजे आपण बोलीत ज्याला इंटरकॉम म्हणतो ते यंत्र, बसवावे लागते. यंत्र घेताना आपण चार दुकाने फिरतो, घासाघीस करतो. पण ते यंत्र टेलिफोन कंपनीच्या लाइनला जोडताना जो करारनामा पुढे येतो, त्यावर मात्र न वाचताच सही करून मोकळे होतो.

आम्हीही तेच केले होते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, करारनामा बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला. कंपनीचा माणूस म्हणाला, "शेठ, ही नेहमीचीच अट आहे." आम्ही सही केली. 2009 च्या रमजान ईदला पेढी चार दिवस बंद होती. त्या चार दिवसांत कोणी बाहेरून आमच्या यंत्रात शिरून परदेशी कॉल केले. पुढचे बिल नेहमीच्या पंधरापट आले. आम्ही भांडायला गेलो, तेव्हा आमच्याच सहीचा कागद समोर ठेवण्यात आला. त्यात लिहिले होते की, ग्राहकाच्या लाइनवरून गेलेला प्रत्येक कॉल ग्राहकाचाच समजला जाईल. पैसे हप्त्याहप्त्याने भरले. व्यापारी बांधवांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या पेढीतील यंत्र, त्याच्या तारा आणि खोल्याखोल्यांतील फोन हे आपले खाजगी जाळे. टेलिफोन कंपनीची लाइन हे सार्वजनिक जाळे. ही दोन जाळी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे हद्द. विजेचे उदाहरण घ्या. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची, मीटरच्या पुढच्या वायरिंगची घरमालकाची. टेलिफोनचेही तसेच आहे. करारातील बहुतेक अटी या एका हद्दीभोवती फिरतात.

पूर्वी टेलिफोन म्हणजे सरकारचेच काम होते. 1885 च्या तार कायद्याने तो हक्क सरकारकडे ठेवला होता, त्यामुळे अटींवर बोलणी करण्याचा प्रश्नच नव्हता. 1994 च्या दूरसंचार धोरणानंतर खाजगी कंपन्या आल्या, 1997 साली ट्राय स्थापन झाले. आज कंपन्या आपल्या दारी येतात. छापील अटी सहसा बदलत नाहीत, पण अर्जातील मोकळ्या जागा बोलणी करूनच भरायच्या असतात. त्या कशा भरायच्या ते पाहू.

पहिली अट हद्दीची. कंपनीची जबाबदारी कोणत्या डब्यापर्यंत आहे ते कागदावर लिहून घ्यावे. नाही तर लाइन बंद पडली की कंपनी म्हणते यंत्र खराब, यंत्रवाला म्हणतो लाइन खराब, आणि मध्ये आपला धंदा बुडतो. बिघाड किती तासांत दुरुस्त होईल आणि न झाल्यास भाड्यात किती सूट मिळेल, हेही त्याच ठिकाणी लिहून घ्यावे. यंत्र टीईसीचे प्रमाणपत्र असलेलेच घ्यावे. 1 ऑक्टोबर 2019 पासून ज्या उपकरणांना सक्तीची चाचणी लागू झाली, त्यांत असे एक्स्चेंजही आहे. प्रमाणपत्र नसलेले स्वस्त यंत्र जोडले तर दोष आपोआप आपल्या माथी येतो.

दुसरी अट चोरीच्या कॉलची, जिने आम्हाला बुडविले. बऱ्याच यंत्रांत अशी सोय असते की मालकाने बाहेरून फोन करून गुप्त अंक दाबले, तर त्याला पेढीच्या लाइनवरून पुढे कॉल करता येतो. यंत्र येते तेव्हा हे अंक कारखान्यात ठरविलेले असतात, आणि चोराला ते ठाऊक असतात. आमच्या यंत्रात ते बदललेलेच नव्हते. म्हणून यंत्र बसविणाऱ्याकडून आपल्या डोळ्यांसमोर सर्व गुप्त अंक बदलून घ्यावेत आणि बाहेरून शिरण्याची सोय नको असल्यास ती बंद करावी. परदेशी कॉलची गरज नसेल तर ती सेवा कंपनीकडूनच बंद करून घ्यावी. यंत्रात बंद केलेली सेवा चोर पुन्हा चालू करू शकतो. बिलाला ठरावीक रकमेची मर्यादा घालावी आणि ती ओलांडताच कंपनी कळवील असे लिहून घ्यावे.

तिसरी अट संख्येची व मुदतीची. पीआरआय लाइन घेतली तर एका जोडणीवर एकाच वेळी 30 जण बोलू शकतात. पाच जणांच्या पेढीला तेवढे कशाला? आता इंटरनेटच्या तारेवरून येणाऱ्या एसआयपी जोडणीत हवे तेवढेच मार्ग घेता येतात. किमान भाडे किती, मुदत किती वर्षांची, मुदतीपूर्वी सोडल्यास दंड किती आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे चार आकडे पाहिल्याशिवाय सही करू नये.

चौथी गोष्ट नंबरची. आपला नंबर बिलावर, थानाच्या चिठ्ठीवर, गिऱ्हाइकाच्या वहीत असतो. 2011 पासून देशभर मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. पेढीच्या लाइनचेही तसेच होईल असे गृहीत धरू नये. सही करण्यापूर्वी लेखी उत्तर घ्यावे.

पाचवी अट कायद्याची, आणि ती सर्वांत कडक आहे. आपले खाजगी जाळे आपल्या धंद्याच्या वापरासाठी असते, दुसऱ्यांचे कॉल वाहून नेण्यासाठी नव्हे. भिवंडीचे गोदाम आणि सुरतची पेढी भाड्याच्या खाजगी लाइनने जोडली, तर आपसात बोलायला हरकत नाही. पण तीच लाइन सार्वजनिक जाळ्याशी जोडून बाहेरचे कॉल इकडून तिकडे पाठवायचे असतील, तर कंपनीची लेखी संमती घेतल्याशिवाय हात लावू नये. कॉल सेंटरसाठीचे नियम 2020 व 2021 साली बरेच सैल झाले, पण ती सूट सगळ्यांना लागू आहे असे समजू नये. कारखान्यांच्या खाजगी वायरलेस जाळ्यांसाठी जून 2022 मध्ये जे नियम निघाले, त्यांत सार्वजनिक जाळ्याशी जोडणीला मनाईच आहे.

इथे एक धोका विशेष सांगावासा वाटतो. कोणी येतो आणि म्हणतो, "तुमच्या पोटमाळ्यावर एक यंत्र ठेवू द्या, इंटरनेट द्या, महिन्याला चांगले भाडे देतो." त्या यंत्रात पुष्कळ सिम कार्डे असतात. परदेशातील कॉल इंटरनेटवरून त्यात येतो आणि स्थानिक मोबाइलचा कॉल म्हणून पुढे जातो. परदेशातून येणाऱ्या कॉलवर इथल्या कंपनीला आकार मिळतो. 2020 साली ट्रायने तो मिनिटाला 35 ते 65 पैसे ठरविला. तो आकार चुकतो आणि बोलणाऱ्याचा खरा नंबरही लपतो. पोलीस येतात तेव्हा यंत्रवाला सापडत नाही, जागेचा मालक सापडतो. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा चालविल्यास 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे. दोन-चार हजारांच्या भाड्यासाठी हा सौदा कोणी करू नये.

वाद झालाच तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. आम्ही तोंडी भांडत बसलो, कागद केला नाही, ही आमची दुसरी चूक.

इंग्रजी येत नाही याची लाज बाळगू नये. करारनामा एक रात्र घरी आणावा, शिकलेल्या मुलाकडून किंवा भाच्याकडून अट वाचून घ्यावी आणि न समजलेल्या ओळीखाली रेघ मारावी. कंपनीचा माणूस घाई करू लागला तर त्याला चहा पाजून उद्या यायला सांगावे. कापडाचे थान आपण उलगडून, उजेडात धरून, मोजून घेतो. सहीचा कागदही तसाच घ्यावा.