एकट्याने फिरायचं, तर गाडी कोणती?

सडक अर्जुनीच्या नावातच रस्ता आहे. नागपूर–रायपूर हा जुना ६ क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तालुक्यातून जातो. कोहमारा फाट्यावरून उत्तरेला गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध. महामार्गावर मोठी कॅरव्हान दिमाखात धावते. पण धानाच्या बांध्यांमधल्या, मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर तीच गाडी मागे घ्यायची झाली, तर एकट्याला ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारं मागे कुणी नसतं!

म्हणून लहान व्हॅन बरी. मारुती ईको बाहेरून ३.६७ मीटर लांब, पण रुंदी जेमतेम १.४७ मीटर; आडवं झोपणं विसरा, अंथरूण लांबीतच घालावं लागतं. दुमडलेल्या बाकावर सुटी फळी टाकली की काम भागतं. बाक कायमचं काढून गाडीचं रूप पालटायचं असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. परिवहन कार्यालयाची मान्यता लागते.

बिछान्यावरून खाली न उतरता चालकाच्या जागी पोहोचता यावं. एकट्यासाठी ही सोय फ्रीजपेक्षा मोलाची.

विजेचा हिशेब सोपा: १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास. २५ वॉटचा पंखा रात्रभर सहज चालतो, एसीचं नाव काढू नये. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र पत्र्याची गाडी रात्रीही तापलेलीच असते.

नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्यामुळे मुक्काम जंगलात नाही, गावात किंवा विश्रामगृहाच्या आवारात, विचारून.