घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना जुन्या लोकांनी एकच उत्तर देऊन ठेवले आहे : न फिरविल्यामुळे. या कूटप्रश्नातील घोडा आता व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात येऊन उभा राहिला आहे. कंपन्यांचे अधिकारी आणि संस्थांचे प्रमुख यांना घोड्यांच्या सहवासात नेऊन नेतृत्वाचे धडे देण्याची पद्धत अमेरिका-युरोपात गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावातील शिक्षकाला किंवा कारकुनाला ही श्रीमंतांची हौस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, तिच्यात विचार करण्याजोगे काही आहे. आणि ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे, अशी माणसे याच जिल्ह्यात आहेत.

या शिक्षणात बहुधा स्वारी करावयाची नसते. मोकळ्या रिंगणात उभ्या असलेल्या घोड्याला आपल्याबरोबर चालत न्यावयाचे, एवढेच काम असते. आणि तेच अवघड ठरते. घोडा हा मूळचा शिकार होणारा प्राणी. आसपासच्या जिवांची लहानशी हालचालही हेरल्याखेरीज रानात त्याचा निभाव लागला नसता. त्यामुळे ‘चल’ म्हणणाऱ्या माणसाचे खांदे आक्रसलेले असतील, पाऊल घुटमळत असेल, तर घोडा शब्दांवर नव्हे, शरीरावर विश्वास ठेवतो. दोरी ओढून पाहावी, तर सुमारे चारशे किलो वजनाच्या जनावरापुढे माणसाच्या बळाला अर्थ उरत नाही. जाणता शिक्षक मग हलका ताण द्यावयास सांगतो आणि घोड्याने पहिले पाऊल टाकताच तो ताण सोडावयास लावतो. घोडा शिकतो तो ताणामुळे नव्हे, ताण सुटण्याच्या नेमक्या क्षणामुळे. त्यानंतर शिक्षक एकच प्रश्न विचारतो : घोडा थांबला तेव्हा तुम्ही काय करीत होता? खरे शिक्षण या प्रश्नापासून सुरू होते.

घोड्याच्या या निरीक्षणशक्तीचा पुरावा जुना आहे. बर्लिनमध्ये एका निवृत्त गणितशिक्षकाचा ‘हान्स’ नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरे खूर आपटून देत असे. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने दाखवून दिले, की घोड्याला गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा जवळ येताच प्रश्नकर्त्याच्या मानेत व चेहऱ्यात होणारा नकळत बदल तो टिपत होता. कचेरीतील माणसेही साहेबाचा चेहरा असाच वाचतात. फरक इतकाच, की घोडा आपले वाचन लगेच दाखवितो आणि माणसे नोकरीच्या भीतीने ते लपवितात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणखी एक योगायोग रंजक वाटेल. या शास्त्राच्या युरोपीय नावाचे मूळ ज्या ग्रीक शब्दात आहे, त्याच शब्दाचे शीर्षक असलेला ग्रंथ इसवी सनपूर्व चौथ्या शतकात झेनोफनने लिहिला. आणि अश्वविद्येवरील ग्रंथही त्याचाच. घोडा लवकर धष्टपुष्ट कशाने होतो, असे इराणच्या राजाने एका जाणकाराला विचारले असता, ‘धन्याच्या नजरेने’ असे उत्तर मिळाल्याची कथा त्याने सांगितली आहे. धाकाने करून घेतलेले काम घोडा समजून करीत नाही, असेही त्याचे मत होते. नजर हवी, धाक नको, हा त्याच्या विवेचनाचा मथितार्थ म्हणता येईल.

ब्रिटिश राज्यकर्त्यांनी मात्र घोड्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. सनदी नोकरीच्या उमेदवारांना अश्वारोहणाची परीक्षा सक्तीची होती. 1890 साली लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेले अरविंद घोष या परीक्षेला हजर न राहिल्यामुळे 1892 मध्ये अपात्र ठरले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरीस लागले. मांड ठोकून बसता येणे म्हणजेच राज्य करता येणे, ही समजूत किती तोकडी होती, याची साक्ष त्यांच्या पुढील आयुष्याने दिली.

मराठवाड्याला या प्रश्नाची विशेष निकड आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामी अमलाखाली होता. हुकूम वरून यावयाचा आणि खालच्याने मान तुकवावयाची, ही रीत राजवटीबरोबर पुरती गेली असे म्हणता येत नाही. वीस वर्षे इमानाने नोंदी ठेवणारा कारकून सेवाज्येष्ठतेने एके दिवशी प्रमुख होतो. किल्ल्या, शिक्का आणि हजेरीपट त्याच्या हाती येतात. पण चार माणसांकडून मन न दुखविता काम कसे करून घ्यावे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. मग तो आपल्या साहेबाने जे केले तेच करतो : आवाज चढवितो. घोडा तेथेच अडतो.

अर्थात, या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तबेल्यातील एका दिवसाचा परिणाम वर्षानंतर किती टिकतो, याविषयी भक्कम पुरावा अद्याप थोडा आहे. रिक्त जागा आणि रखडलेले वेतन यांवर घोडा हा उपाय नव्हे. शिवाय कर्मचारी हा घोडा नाही. त्याला वाचा आहे, मत आहे, संघटनेचा हक्क आहे. लगामाची उपमा शब्दशः घेणारा अधिकारी या शिक्षणातून नेमके उलटे शिकून येईल.

तरीही प्रयोग करून पाहण्यास मोठा खर्च नाही. नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेथे दूरदूरचे घोडे विक्रीस येतात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे हल्लाबोलच्या मिरवणुकीत अग्रभागी असतात. लग्नसराईत ढोल-ताशांच्या गजरात बुजणाऱ्या घोडीला केवळ मानेवरच्या हाताने शांत ठेवणारा घोडेवाला तर गावोगाव आहे. त्याच्या विद्येला प्रमाणपत्र नाही, आणि सराई संपली की मिळकतही नाही. मुख्याध्यापकांच्या आणि कार्यालयप्रमुखांच्या प्रशिक्षणात एक दिवस अशा जाणत्या माणसाला योग्य मानधन देऊन गुरुस्थानी बसवावे. ज्याला आयुष्यभर अरे-तुरे ऐकावे लागले, त्याच्यासमोर अधिकाऱ्याने शिष्य म्हणून उभे राहावे, हाच कदाचित त्या दिवसाचा पहिला धडा ठरेल.

घोडा अडला, तर त्याला चाबूक दाखविण्यापूर्वी त्याला कोणी आणि कसे फिरविले, हे विचारावे. कचेरी अडली, तरी प्रश्न तोच आहे.